जुना मिलिटरी पट्टा ओळखायचाय? मग आधी ॲन्सन मिल्स कोण होता ते वाचा

जुन्या बाजारात किंवा सेकंड-हँड वस्तूंच्या ॲपवर 'ओरिजिनल वर्ल्ड वॉर बेल्ट' अशी जाहिरात तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. जाड सुती पट्टा, खाकी किंवा हिरवट रंग, पितळी बकल आणि आतल्या बाजूला अर्धवट पुसलेला शिक्का. विकणारा ठामपणे सांगतो की माल महायुद्धातला आहे, आणि किंमत सांगतो मनाला येईल ती. खरं-खोटं कसं ठरवायचं?

ओळखायच्या टिप्स मी खाली देणारच आहे. पण नुसत्या टिप्स पाठ करून इथे भागत नाही. पट्ट्यावरची तारीख, विणकाम, काडतुसांची घरं, शिक्क्यातली अक्षरं या सगळ्यामागे एका माणसाचं आयुष्य आहे. ते माहीत असेल तर पट्टा वाचता येतो. नाहीतर खरी तारीखसुद्धा तुम्हाला चुकीचं उत्तर देते. त्या माणसाचं नाव ॲन्सन मिल्स.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'मिल्स बॉम्ब' नावाचा हातगोळा प्रसिद्ध आहे, तो बनवणारा विल्यम मिल्स इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. आपला मिल्स अमेरिकेचा. दोघांचा संबंध नाही, पण नेटवर शोधताना दोघांची भेसळ हमखास होते.

वेबिंग म्हणजे काय?

आजी-आजोबांच्या घरी नवारीचा पलंग पाहिला असेल तर वेबिंग तुम्हाला माहीत आहे. नवार म्हणजे जाड सुताची घट्ट विणलेली रुंद पट्टी. ती कापडाच्या ताग्यातून कापलेली नसते, मागावरच तेवढ्या रुंदीची विणलेली असते. म्हणून तिच्या कडा उसवत नाहीत. तुमच्या सॅकचा बंद, गाडीचा सीटबेल्ट, एनसीसीचा पट्टा ही सगळी त्याच कुटुंबातली मंडळी. फरक इतकाच की आज सुताऐवजी बऱ्याचदा नायलॉन किंवा पॉलिस्टर असतं.

सैन्यात मात्र आधी असं काही नव्हतं. तिथे सगळं चामड्याचं असायचं.

गणितात अडकला, पण शहर आखलं

ॲन्सन मिल्सचा जन्म ३१ ऑगस्ट १८३४ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यात झाला. १८५५ मध्ये त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला. दोन वर्षांत तो गणितात मागे पडला आणि अकादमी सोडावी लागली. आजच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉपआउट.

तिथून तो टेक्ससला गेला. काही काळ शाळेत शिकवलं, मग जमीन मोजणीचं काम धरलं. १८५८ मध्ये तो मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका छोट्या वस्तीत पोहोचला आणि पुढच्याच वर्षी त्याने तिथल्या शहराचा नकाशा आखला. रस्ते, चौक, प्लॉट, सगळं. त्या शहराला एल पासो हे नावही त्यानेच सुचवलं. गणितामुळे अकादमीबाहेर पडलेल्या मुलाने आखलेले ते रस्ते आज एका मोठ्या शहराच्या मध्यभागी आहेत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. टेक्ससने देशातून फुटायचं ठरवलं, मिल्सचा त्याला विरोध होता. घरदार, जमीन, ओळखी सगळं मागे टाकून तो उत्तरेला गेला आणि १८व्या पायदळ रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ एमेट न्यू मेक्सिकोच्या भागात अपाचे लोकांबरोबरच्या लढाईत मारला गेला. मिल्स युद्धाची चारही वर्षं लढला आणि पुढे सैन्यातच राहिला.

अडचण: काडतूस बदललं, पाकीट तेच राहिलं

इथून आपली तांत्रिक गोष्ट सुरू होते.

जुन्या बंदुकीची काडतुसं कागदाची असायची. ती चामड्याच्या पेटीत ठेवायचे आणि पेटी कमरेला किंवा खांद्याला लटकवायचे. १८६० च्या दशकात मागून भरायच्या बंदुका आल्या आणि त्यांच्यासोबत धातूची काडतुसं आली. गोळी झाडण्याचा वेग वाढला. पण काडतुसं अजून त्याच पेटीत होती, तिथे ती एकमेकांवर आपटत खुळखुळायची. घोड्यावर बसून एकेक चाचपडत काढायला वेळ लागायचा.

म्हणजे प्रोसेसर नवा आणि चार्जर जुना, अशातला प्रकार.

१८६६ च्या सुमारास मिल्सची नेमणूक पश्चिमेकडे फोर्ट ब्रिजर या ठाण्यावर होती. तिथे त्याने खोगिराचं काम करणाऱ्या कारागिराकडून एक चामडी पट्टा करून घेतला. प्रत्येक काडतुसाला वेगळं घर, म्हणजे लूप. काडतुसं कमरेभोवती एका ओळीत, वजन सगळीकडे सारखं, आणि हात घातला की नेमकं एक काडतूस बाहेर. २० ऑगस्ट १८६७ रोजी त्याला या कल्पनेचं पेटंट मिळालं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कळकलेली काडतुसं

कल्पना चांगली होती, पण चामडं आणि धातू यांचं पटेना. चामडं कमावताना टॅनिन वापरतात. त्यातली आम्लं तांब्या-पितळेला लागली की हिरवट थर चढतो. आपल्याकडे कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, अगदी तेच. कळकलेलं काडतूस लूपमध्ये चिकटायचं, आणि बाहेर निघालं तरी बंदुकीत अडकायचं. ऐन वेळी बंदूक अडकली तर काय होतं, हे सांगायला नको.

चामड्याचा दुसरा दोष म्हणजे ते भिजलं की ताणलं जातं आणि वाळलं की आकसतं. मग लूप एकतर सैल पडतात किंवा घट्ट बसतात.

सीमेवरच्या सैनिकांनी यावर स्वतःच जुगाड केला. चामड्याच्या पट्ट्यावर कॅनव्हासचे लूप शिवून घेतले. असे पट्टे इतके चालले की १८७६ मध्ये अमेरिकी लष्कराने त्यांचा अधिकृत नमुनाच काढला. त्यांना 'प्रेअरी बेल्ट' म्हणतात. पण शिवण आली की जोड आला, आणि जोड आला की तो तुटणारच. सततच्या वापराने लूप सैल व्हायचे आणि काडतुसं वाटेत गळायची.

१८७६ची दुसरी बाजू

इथे थोडं थांबूया. हे सगळं डिझाइन कशासाठी चाललं होतं, तेही सांगायला हवं.

१८७६ मध्ये मिल्स ३ऱ्या घोडदळात कॅप्टन होता. लकोटा आणि शायेन लोकांच्या जमिनीवर कब्जा करण्यासाठी अमेरिकेने जी मोहीम काढली, तिच्यात तो होता. १७ जून १८७६ ला रोझबडच्या लढाईत तो लढला. त्यानंतर साधारण आठवड्याभराने लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या तुकडीचा पराभव झाला. ९ सप्टेंबरला स्लिम ब्यूट्स इथे मिल्सच्या तुकडीने पहाटे एका झोपलेल्या लकोटा वस्तीवर हल्ला केला. वस्तीत ७व्या घोडदळाचा झेंडा सापडला, म्हणून अमेरिकेत याला मोठा विजय मानलं गेलं. पण मेलेल्यांमध्ये बायका आणि लहान मुलंही होती. वस्तीचा नेता अमेरिकन हॉर्स जखमी होऊन मेला.

संशोधक म्हणून मिल्स हुशार आणि चिकाटीचा होता, यात शंका नाही. तरीही हे प्रकरण वगळून त्याची गोष्ट सांगणं मला पटत नाही. जुना लष्करी पट्टा गोळा करताना आपण कोणाच्या तरी कमरेवरची वस्तू घेतो, आणि तिच्या समोरच्या बाजूलाही कोणीतरी उभं होतं.

मागावर सुटलेलं कोडं

मिल्सच्या डोक्यात चामडं, काडतूस आणि शिवण हे त्रांगडं अजून होतंच. त्याचं उत्तर असं: चामडंही नको, शिवणही नको. पट्टा आणि लूप एकाच वेळी मागावर विणायचे.

इचलकरंजी किंवा मालेगावचा यंत्रमाग पाहिला असेल तर कल्पना येईल. उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून ये-जा करतो. आता समजा, उभ्या धाग्यांचे दोन थर ठेवले. एका जागी दोन्ही थर एकत्र विणले, थोडं पुढे जाऊन वेगवेगळे विणले आणि वरचा थर जास्त लांब सोडला. तिथे नळीसारखी पोकळ जागा तयार होते. पुन्हा दोन्ही एकत्र विणले की ती बंद होते. झालं, लूप तयार. टाका नाही, जोड नाही. मला हे आजच्या थ्रीडी प्रिंटिंगसारखं वाटतं. भाग बनवून जोडायचे नाहीत, वस्तू जोडलेल्याच रूपात जन्माला घालायची.

यात त्याचा साथीदार होता मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातला टी. सी. ऑर्न्डॉर्फ. वूस्टर हे माग बनवणाऱ्यांचं शहर, तिथे हे काम तडीला गेलं. विणलेल्या पट्ट्याशी संबंधित १ फेब्रुवारी आणि १६ ऑगस्ट १८८१ या पेटंट-तारखा त्या काळच्या पितळी बकलांवर दिसतात. अमेरिकी लष्कराने याच सुमाराला हा पट्टा स्वीकारला. पहिल्या पेटंटपासून तोवर साधारण १४ वर्षं गेली होती.

मोठी मागणी मात्र १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात आली. कारखाना वाढवला, माग वाढवले, आणि युद्ध काही महिन्यांत संपलं! माग रिकामे पडले. अमेरिकेबाहेर गिऱ्हाईक शोधणं आलंच.

लंडन आणि तिथून भारत

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. ब्रिटिश सैन्याला चामड्याच्या सामानाचा तिथे तोच त्रास झाला. मिल्सचा धंदा लंडनला पोहोचला आणि तिथे 'मिल्स इक्विपमेंट कंपनी' उभी राहिली. याच कंपनीसोबत मेजर ए. आर. बरोज या ब्रिटिश अधिकाऱ्याने 'पॅटर्न १९०८' हा संच तयार केला. पट्टा, काडतुसांची पाकिटं, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, सगळं विणलेल्या सुताचं आणि एकमेकांत अडकणारं. १५० काडतुसं मावायची, आणि पूर्ण संच कोटासारखा एकदम अंगावरून उतरवता यायचा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाच्या फोटोत छातीखाली दिसणारी पाकिटांची रांग ती हीच.

त्याच्या जागी पुढे 'पॅटर्न १९३७' आला आणि तो भारतीय सैन्याच्या अंगावर चढला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा रेजिमेंटच्या जवानांचे फोटो पाहा. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना ज्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तिथले. कमरेला हाच प्रकार दिसेल. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्याने तो बरीच वर्षं वापरला. म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या बाजारात सर्वात जास्त सापडण्यासारखा पट्टा १९३७चा.

उरलेलं आयुष्य

मिल्स १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल होऊन निवृत्त झाला. अमेरिका-मेक्सिको सीमा आयोगावर त्याने १९१४ पर्यंत काम केलं. रिओ ग्रांडे नदीने पात्र बदललं की सीमा कुठे धरायची, असे वाद तिथे यायचे. १९११ मध्ये चामिझाल नावाच्या जमिनीचा निकाल मेक्सिकोच्या बाजूने झुकला तेव्हा त्याने विरोधी मत नोंदवलं. ते भांडण मिटायला १९६० चं दशक उजाडलं.

पट्ट्यांनी त्याला श्रीमंत केलं. एल पासोत त्याने उभारलेली काँक्रीटची 'मिल्स बिल्डिंग' १९११ ची, आणि ती अजून उभी आहे. १९१८ मध्ये त्याने आत्मचरित्र छापलं. ५ नोव्हेंबर १९२४ रोजी वॉशिंग्टनमध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी तो वारला. तोपर्यंत त्याच्या कल्पनेने एक अख्खं महायुद्ध पाहिलं होतं.

आता तुमच्या हातातला पट्टा वाचूया

१. तारखेवर लगेच विश्वास ठेवू नका. ऑर्न्डॉर्फच्या काही विणलेल्या पट्ट्यांवर १८६७ च्या पेटंटची तारीख छापलेली असते. विकणारा म्हणेल, दीडशे वर्षांहून जुना आहे! पण आपल्याला आता माहीत आहे की १८६७ चा पट्टा चामड्याचा होता, विणलेला प्रकार नंतर आला. म्हणजे ती पेटंटची तारीख आहे, पट्टा बनल्याची नाही. उलट ब्रिटिश पट्ट्यावर कंपनीच्या अक्षरांशेजारी नुसतं वर्ष असेल, तर ते सहसा बनवल्याचं वर्ष असतं.

२. लूप की पाकीट? एकेका काडतुसाचे लूप म्हणजे साधारण १९०३ च्या आधीची रचना. नंतरच्या बंदुकांत पाच-पाच काडतुसं क्लिपने भरायचे, म्हणून लूप गेले आणि पाकिटं आली. अमेरिकेच्या १९१० नमुन्यात दहा पाकिटं आणि १०० काडतुसं असतात. सुरुवातीच्या पाकिटांना गरुडाचं चित्र असलेली टिच बटणं असायची.

३. टाका शोधा. मोबाइलचा मॅक्रो मोड लावा आणि लूप किंवा पाकीट जिथे पट्ट्याला मिळतं तिथला फोटो घ्या. धागे सलग पुढे गेलेले दिसले तर मिल्स पद्धतीचं विणकाम. टाक्यांची ओळ दिसली तर शिवलेला. शिवलेला म्हणजे लगेच नकली असं नाही, कारण युद्धाच्या गर्दीत अस्सल पट्टेही शिवून बनवले गेले. पण मग त्याला मिल्सचा विणलेला पट्टा म्हणून जास्त पैसे देऊ नका.

४. टेप लावा. १९०८ चा कमरपट्टा ३ इंच, म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर रुंद. १९३७ चा सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. १९३७ चा पट्टा 'पहिल्या महायुद्धातला' म्हणून कोणी विकत असेल तर नुसत्या टेपने पितळ उघडं पडतं. अमेरिकेचा १९३६ चा पिस्तूल-पट्टाही सव्वादोन इंचीच आहे, पण त्याला धातूच्या छिद्रांच्या तीन ओळी असतात.

५. शिक्का वाचा. आतल्या बाजूला एम, ई, सी, ओ ही इंग्रजी अक्षरं दिसली तर मिल्स इक्विपमेंट कंपनी. कोंबडीच्या पावलासारखा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाण सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, यू अक्षराच्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन डी अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. बाणासोबत आय अक्षर असेल तर ब्रिटिशकालीन भारत. शिक्का पुसट असेल तर खोलीत अंधार करा, टॉर्च पट्ट्याच्या अगदी कडेला आडवा धरा, फोटो काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं बऱ्याचदा वर येतात.

६. यूव्ही टॉर्च मारा, पण जपून. नव्या धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात, ती यूव्ही प्रकाशात निळसर उजळतात. शिवणीचा धागा झगझगीत दिसला तर संशय घ्या. मात्र अस्सल पट्टा कोणी आजच्या डिटर्जंटने धुतला असेल तर तोही चमकतो. म्हणून या एकाच चाचणीवर निकाल देऊ नका. लोहचुंबकाचंही तसंच. पितळेला तो चिकटत नाही हे खरं, पण युद्धकाळात काही ठिकाणी पोलादी सामानही वापरलं गेलं.

७. फोटो-सर्चला शेवटचा शब्द देऊ नका. गूगल लेन्स सारखे दिसणारे पट्टे दाखवतं. नाटक-सिनेमासाठी आणि छंदासाठी हुबेहूब नकला बनतात, त्यातल्या कितीतरी भारतातच बनतात, आणि फोटोत त्या अस्सलसारख्याच दिसतात. रुंदी, विणकाम आणि शिक्का या तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळतंय का, ते बघा.

हे मात्र करू नका

पट्टा घरी आणल्या आणल्या धुऊ नका. सैनिक त्यावर 'ब्लँको' नावाचा रंगीत लेप लावायचे, तोही इतिहासाचा भाग आहे, आणि घासताना लेपासोबत शिक्काही जातो. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे. पितळ चकाचक करायचा मोहही आवरा.

लूपमध्ये किंवा पाकिटात काडतूस सापडलं तर ते खेळणं समजू नका. हात न लावता पोलिसांना कळवा, कारण परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणं गुन्हा आहे. आणि जुना पट्टा घालून आपण सैनिक असल्याचं भासवणं, हेही कायद्यात बसत नाही.

मित्रांनो, मिल्सने एकाच छोट्या प्रश्नाचा साधारण १४ वर्षं पाठपुरावा केला. तुम्हाला पट्टा तपासायला दहा मिनिटं पुरतील. विकणाऱ्याची गोष्ट शांतपणे ऐकून घ्या, त्याच्याशी हुज्जत घालू नका. मग पट्टा उलटा करा, आतली बाजू वाचा आणि त्यानंतरच पैशांची बोलणी सुरू करा.